भूतबंगल्यातले नाना

आमचे नाना भूत होते. वारले-बिरले नव्हते, पगारी भूत होते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. राहायला लिंबागणेशला आणि कामाला बीडच्या बाहेर, वडवणीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या गार्डनमध्ये. या गार्डनमध्ये कारंजं आहे (बंद), बदकांच्या होड्या आहेत (तळ्यात पाणी असेल तेव्हा) आणि भूतबंगला आहे. लोक यायचे ते भूतबंगल्यासाठी. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये मिट्ट काळोख, त्यात रूळ आणि रुळावरून खडखडत जाणारा चार माणसांचा डबा. वाटेत एक कवटी, एक शवपेटी, पेटीतून बाहेर आलेला प्लास्टरचा हात आणि शेवटच्या वळणावर पांढरी चादर गुंडाळलेले, तोंडाला काजळी फासलेले आमचे नाना. सकाळच्या एसटीत कंडक्टरसुद्धा त्यांना "भूत, पुढं सरका" म्हणायचा.

त्या शेवटच्या वळणावर जरा चढ होता आणि मोटारीला तो झेपायचा नाही. डबा तिथं धापा टाकत थांबायचा. मग नानांनी अंगावर धावून यायचं, किंचाळायचं, माणसं पुरेशी घाबरली की मागं जाऊन खांदा लावायचा आणि डबा चढावर ढकलून द्यायचा. घाबरवणं आणि ढकलणं ही दोन्ही कामं एकाच पगारात होती.

अडचण एवढीच की नानांना अंधारातही माणसं ओळखू यायची आणि ओळखीच्या माणसावर किंचाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हूऽऽऽ" अशी झकास सुरुवात करून ते मध्येच थांबायचे.

"कोण? शांताबाईची सून काय तू?"

"व्हय नाना."

"कवा आलीस? सासूचा गुडगा कसा हाय?"

"दुकतोय की."

"निरगुडीचा पाला बांद म्हनावं. हूऽऽऽ."

कुणी राम राम घातला की भूत राम राम म्हणायचं, कुणी सलाम केला की सलाम घ्यायचं आणि आम्ही घरचे गेलो की चादरीतून हात काढून "जय भीम" करायचं. लहान पोरांना चादरीच्या आतून खडीसाखर मिळायची. नवीन लग्न झालेली जोडपी तर मुद्दाम यायची. डब्यातून उतरून भुताच्या पाया पडायची, "सुखानं नांदा" असा आशीर्वाद घ्यायची आणि पुन्हा डब्यात बसायची. आमच्या घरात हा नियमच होता. नाना भूत असले तरी वडीलधारे. त्यांना ओलांडून पुढं जायचं तर आधी उतरून पाया पडायचं. आई डब्यातून लक्ष ठेवायची. ("वाकून पड. नुसता हात लावू नको.")

मग गार्डनच्या मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि भूतबंगल्याला कुलूप लागलं. वर पाटी आली, 'नूतनीकरण चालू आहे'.

भूतबंगल्याच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यायचं. आता तिथं हाहाकार उडाला. कुणी लिहिलं, कवटीचा पुढचा दात पडलाय तो तसाच राहू द्या. कुणी लिहिलं, रुळाचा खडखडाट गेला तर आम्ही पाऊल ठेवणार नाही. एकाचं म्हणणं असं की शेडमध्ये वटवाघळांचा जो वास येतो त्याच्यात खरी मजा आहे. टायरचं दुकान चालवणाऱ्या गफूरभाईंनी फक्त एक ओळ टाकली, "कुछ बी बदलो, पन भूत कू हात नको लगाओ." छोटे मालकही ग्रुपमध्ये होते. त्यांनी नम्रपणे लिहिलं, "सर्वांच्या सूचनांचं स्वागत आहे."

आता मी बीडला कोचिंग क्लासात शिकवतो. न विचारलेलं समजावून सांगण्याचाच मला पगार मिळतो. इथं तर चक्क विचारलं होतं! शिवाय क्लासच्या सहलीत मी मुंबईकडचं एक मोठं पार्क बघून आलो होतो. मी मांडी ठोकून बसलो आणि मुद्देसूद लिहिलं. आपल्या भूतबंगल्यात भीती का वाटत नाही? कारण लोक भुताला ओळखतात आणि भूत लोकांना ओळखतं. भूत कसं अनोळखी पाहिजे. बाहेर आता सेन्सरवर चालणारी भुतं आली आहेत. माणूस जवळ आला की आपोआप हलतात, गुडघ्याची चौकशी करत नाहीत. शेवटी 'विचार व्हावा' असंही लिहिलं. भराभर अंगठे आले. छोट्या मालकांनी हात जोडले.

हे सगळं लिहिताना, ते भूत म्हणजे आपले नाना, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. मी तत्त्वाचं बोलत होतो.

ती गोष्ट आली बायकोच्या डोक्यात. तिनं तो मेसेज आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आई लग्न होऊन आली तेव्हा नाना चड्डीत फिरत होते. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"कावून लिवलंस रं असं?"

"आई, ते एकंदरीत भुतांबद्दल होतं."

"गार्डनात एकंदरीत भुतं कितीयत?"



छोट्या मालकांनी नानांना कामावरून काढलं नाही, एवढं खरं. निळा शर्ट आणि टोपी देऊन फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. नानांनी आपली चादर घरी नेऊन धुतली, घडी घातली आणि ऑफिसात परत करून टाकली. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "बरं झालं बाबा. काजळीनं तोंड लई खाजायचं." आणि खाली बघत तिकिटं सरळ करत राहिले. तोंड खाजत नव्हतं हे मलाही कळत होतं. फार वाईट वाटलं. मग मी क्लासला गेलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

उद्घाटनाला पहिल्या डब्याचा मान छोट्या मालकांनी मला दिला. "सर, कल्पना तुमचीच!" असं ते फाटकावर उभं राहून म्हणाले, नानांच्या देखत. नानांनी आमची तिकिटं निमूट फाडली. आई, बायको, माझी मुलगी पिंकी आणि मी असे डब्यात बसलो. आई माझ्याशी बोलत नव्हती. आपल्या दिराच्या जागेवर कोण उभं केलंय, तेवढं बघायला ती आली होती.

आत सगळं गुळगुळीत झालं होतं. रूळ खडखडत नव्हते. कवटीला नवे दात बसवले होते. शवपेटीतून धूर निघत होता. मग शेवटचं वळण आलं आणि डबा धापा टाकत थांबला. नूतनीकरणात सगळं बदललं होतं, चढ मात्र जुनाच होता. आणि तो चढवणारे नाना फाटकावर बसले होते.

पुढं जे झालं त्याला मी सवय म्हणतो, बायको दुसरा शब्द वापरते. त्या वळणावर डबा थांबला की माझं शरीर आपोआप खाली उतरतं. समोर काळोखात पांढरं काहीतरी उभं होतं. मी उतरलो, "जय भीम, नाना" म्हणालो आणि वाकलो. मागून आईसुद्धा सवयीनं बोलून गेली, "नीट वाकून."

सेन्सर माझ्या डोक्याच्या बरोबर समोर असावा. "हाऽ हाऽ हाऽ" असा राक्षसी आवाज झाला, ते यंत्र कमरेत वाकलं, त्याचे दोन्ही हात धपकन माझ्या पाठीवर बसले आणि लोखंडी बोटं माझ्या कॉलरमध्ये अडकली. मी सुटायला हललो. मी हललो म्हणून सेन्सर चालला. पुन्हा हाऽ हाऽ हाऽ, पुन्हा पाठीत धपाटा. मी श्वास रोखून न हलता राहिलो, तर ते सरळ उभं राहायला लागलं आणि कॉलरसकट मलाही उचलायला लागलं. म्हणून मी पुन्हा हललो.

"आशीर्वाद घेऊन झाला असंल तर बसा आता," डब्यातून बायको म्हणाली.

"अगं, अडकलोय मी! काहीतरी कर!"

"विचार व्हावा," ती म्हणाली.

आई मात्र उतरली. इतके दिवस गिळलेलं सगळं तिनं चपलेत आणलं. "सोड माझ्या लेकराला, मुडद्या! कुनाच्या जागंवर हुबा ऱ्हायलास!" असं म्हणत तिनं हाणायला सुरुवात केली. काही चपला भुताला बसल्या, काही मला. (नंतर विचारलं तर म्हणाली, अंधार होता.) तिच्या प्रत्येक फटक्यानं सेन्सर नव्यानं चालायचा, भूत नव्यानं हसायचं आणि माझ्या पाठीत नव्यानं धपाटा बसायचा. पिंकीनं भोकाड पसरलं.

बाहेर रांगेतल्या लोकांना हे सगळं ऐकू जात होतं. किंचाळणं, रडणं, धपाटे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लई भारी झालंय बे!" असं कुणीतरी ओरडलं. छोटे मालक डोळे पुसत सांगत होते की हाच परिणाम त्यांच्या मनात होता. त्यामुळं आम्हाला सोडवायला आत यावं असं कुणालाच वाटलं नाही.

फाटकावर नानांनी कान टवकारले. "मालक, ह्ये भ्यालेल्या माणसाचं वरडनं न्हाई. आमच्या वैनी शिव्या द्यायल्यात."

तिकिटं तिथंच टाकून ते बॅटरी घेऊन आत आले आणि मेन बटण बंद केलं. हसता हसता यंत्र जागच्या जागी थांबलं. नानांनी माझ्या कॉलरमधून त्याचं एकेक बोट सोडवलं. "हळू, शर्ट फाटंल," म्हणाले. शर्टात फाटण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, पण मी तसाच बॅटरीच्या उजेडात पुन्हा वाकलो, या वेळी बरोबर पाय बघून. नानांनी पाय मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे. हितं भुताच्या पाया पडत्यात. म्या तिकिटं फाडतो."

मग मागं जाऊन त्यांनी खांदा लावला आणि आमचा डबा चढावर ढकलून दिला.

मोटारीला तो चढ झेपत नाही हे कळल्यावर छोट्या मालकांनी नानांना आत परत नेलं, पण भूत म्हणून नाही. भूत यंत्रच राहिलं. नानांनी काळे कपडे घालून त्याच्या मागं उभं राहायचं, डबा ढकलायचा आणि अजिबात बोलायचं नाही. मी ग्रुपवर दुसरी सूचना लिहिली, पहिलीपेक्षा लांब, की जुनं भूत परत आणावं. लगेच गफूरभाईंचं उत्तर आलं, "सर, अब तुमे कुछ बी नको सुचाओ." या उत्तराला जितके अंगठे मिळाले तितके माझ्या पहिल्या सूचनेलाही मिळाले नव्हते.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. वळणावर डबा थांबला, यंत्र हसलं आणि हसून गप्प झालं. मी उतरलो नाही. मागून कुणीतरी डब्याला खांदा लावला. मग मालकांचा नियम मोडून अगदी हळू आवाज आला, "वैनी, बरं हाय ना?" आई म्हणाली, "बरं हाय." "सूनबाई, पोरीची शाळा कशी चाललीय?" बायको म्हणाली, चांगली. पिंकीच्या हातात खडीसाखर पडली. बायकोच्या हातात पडली. आईच्या हातात पडली. मीही काळोखात हात पुढं केला.

"जय भीम, नाना," मी म्हणालो.

डबा चढून पलीकडं गेला. बाहेर उजेडात आल्यावर पिंकीनं माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं आणि तिच्यातला एक खडा मला दिला. भुतानं माणसाला धरल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण भुतानं ज्याच्याशी अबोला धरलाय, असा अख्ख्या बीड जिल्ह्यात मी एकटाच.