वानखडे काकांची उदबत्ती

वानखडे काका कुठल्याही घरात शिरले की आधी खिडकीच्या फटीशी हात धरायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. वारा तिथे लवकर कळतो म्हणायचे. मग विचारायचे, "मीटर कुठं आहे?" चहापाणी त्यानंतर.

ते वसुधाताईंचे वडील. नागपूरकडे वीजमंडळात जन्मभर मीटर वाचत फिरले होते. वसुधाताईंचं इथे कॅलिफोर्नियात किराणा दुकान होतं आणि मागच्या बाजूला छोटं किचन. मी मुलीकडे आलेली बाई, चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. त्या किचनमध्ये मी पोळ्या आणि थालीपीठं करायची. दिवसभरात माझ्या तोंडून दहा वाक्यं निघत नसत आणि ते तिथे कुणाला खुपत नसे.

२००८ च्या जूनमध्ये काका सहा महिन्यांसाठी आले. पहिल्या आठवड्यात मला ते मुळीच आवडले नाहीत. स्टूल घेऊन किचनच्या दारात बसायचे आणि बघत राहायचे. एकदा म्हणाले, "सुमनबाई, सकाळपासून फ्रीजरचं दार सतरा वेळा उघडलं तुम्ही." मला वाटलं, हे माझ्यावर पाळत ठेवायला आलेत. पुढे कळलं की त्यांचा संशय सगळ्यांवर सारखाच असे. दुधाच्या कॅनवरची तारीखही ते चष्मा पुसून दोनदा वाचायचे.

दुकान जुनं होतं. खिडक्या सैल, छताला ऊन लागलं की एसी नुसता घरघरायचा. काकांनी एक दिवस देवासमोरची उदबत्ती उचलली आणि खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरवली. फट असेल तिथे धूर वाकडा व्हायचा, तिथे ते खडूने खूण करायचे. नेमका त्याच वेळी बिल्डिंगचा मालक रॉन आत आला. त्याला वाटलं पूजा चाललीय. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. काकांनी सगळी खिडकी पूर्ण होईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं.

रॉन एक योजना घेऊन आला होता. गावात नवीनच निघालेली. नव्या खिडक्या, नवा एसी, छताला आतून ऊन अडवणारा जाड थर, सगळ्याला पैसे गावची नगरपालिका देणार. मालकाने ते वीस वर्षांत प्रॉपर्टी टॅक्सबरोबर थोडे थोडे फेडायचे. आता खिशातून काही नाही, आणि विजेचं बिल इतकं उतरेल की टॅक्स जाणवणारही नाही. बिल्डिंगमधल्या पाचही दुकानांनी फक्त संमतीची सही करायची. वसुधाताई खूश झाल्या. त्यांनी हे सगळं काकांना मराठीत सांगितलं.

काका रॉनकडे बघत होते. "हा एवढा काहून हसून राहिला, बाप्पा?"

"बाबा, इथे लोक हसतातच."

"हसू दे. टॅक्स कोण भरतं?"

टॅक्स मालकाच्या नावावर येतो, पण करारात लिहिल्याप्रमाणे पाच दुकानं वाटून भरतात, असं ताई म्हणाल्या. काकांनी विजेचं बिल मागितलं. ताईंनी दोन फायली धुंडाळल्या. बिल नव्हतं. कधी आलंच नव्हतं. मग काका वळले ते माझ्याकडे. "सुमनबाई, तुम्ही रोज मागं कचरा टाकायला जाता. मागच्या भिंतीवर मीटर किती?"

माझ्या हाताला कणीक होती. सगळे माझ्याकडे बघत होते, रॉनसुद्धा. टॅक्स वाढला तर किचन बंद करून नुसता किराणा ठेवू, असं ताई महिन्याभरापूर्वीच म्हणाल्या होत्या. ते मी विसरले नव्हते. मी म्हटलं, "एकच."

"नक्की?"

"एकच आहे. रॉनच्या ऑफिसच्या दाराशी."

काका स्टुलावरून उठले. "म्हणजे वीज भाड्यातच धरलेली. बिल उतरणार ते याचं, अन् टॅक्स चढणार तो तुझा. वसुधा, पेन ठेव खाली."

ताईंनी ते रॉनला इंग्रजीत विचारलं. तो लालबुंद झाला. हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं म्हणाला. खरं असेलही. काकांनी ते शेवटपर्यंत मानलं नाही आणि मलाही आजवर ठरवता आलेलं नाही. शेजारच्या डोनटवाल्याने आणि शिंप्याने ऐकलं, त्यांनीही सही थांबवली. बऱ्याच बोलाचालीनंतर रॉनने पाच वेगळे मीटर बसवले आणि भाड्यातून विजेचा भाग कमी केला. मग सह्या झाल्या. किचन राहिलं.

मीटर बसले त्या दिवशी काका मला मागे घेऊन गेले आणि आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. "रोज वाचा. कुणी विचारलं नाही तरी सांगा," म्हणाले. मी कॅलेंडरवर आकडे लिहायला लागले.

नोव्हेंबरच्या शेवटी नव्या खिडक्या बसल्या. काकांनी उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला. ताईंनी टाळ्या वाजवल्या. काका उदबत्ती संपेपर्यंत तिथेच उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आज वारा नाही. वाऱ्याच्या दिवशी पुन्हा बघू."

वाऱ्याच्या दिवसाआधी त्यांचा व्हिसा संपला. निघताना माझ्या फ्रीजरच्या दाराला त्यांनी हाताची मागची बाजू लावून पाहिली आणि गाडीत जाऊन बसले. पुढच्या उन्हाळ्यात यायचे होते. फेब्रुवारीत नागपूरहून फोन आला, काका झोपेतच गेले.

ताई आठवडाभर दुकानात आल्या नाहीत. त्या आल्या त्या दिवशी बाहेर सोसाट्याचा वारा होता. डोनटवाल्याची पाटी उडून गेली होती. मी देवासमोरची उदबत्ती घेतली आणि खिडकीपाशी गेले. तीन कोपऱ्यांत धूर सरळ. चौथ्या कोपऱ्यात, खाली उजवीकडे, तो जरासा आत झुकला.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा झुकला. खडू घेऊन खूण केली आणि कुणी विचारायच्या आत ताईंना हाक मारली.