सिस्टरमावशीचा बायकांचा खेळ

सिस्टरमावशी रडक्या सिनेमांना खो खो हसायची. त्यातही तिचे लाडके म्हणजे अमेरिकेतले सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे कृष्णधवल सिनेमे. एक भोळी शाळकरी मुलगी, एक गोडबोल्या मुलगा, मुलीला दिवस जातात आणि सगळं घर ऊर बडवतं. हे खूळ तिला इंटरनेटवर लागलं. वेंगुर्ल्याची ही बाई इथे बहरीनमध्ये, मनामातल्या एका दवाखान्यात वीस वर्षं नर्स होती, बुसैतीनला एकटी राहायची आणि आम्हा पाच-सहा मराठी घरांची हक्काची मावशी होती.

"पोस्टर बघून वाटतं, काय भयंकर दाखवणार! आत बघावं तर शाळेतला शरीरशास्त्राचा तक्ता," ती सांगायची. तेव्हा म्हणे बायकांचा खेळ वेगळा, पुरुषांचा वेगळा. मध्येच सिनेमा थांबवून कोटवाला एक 'तज्ज्ञ' भाषण ठोकायचा आणि पुस्तिका विकायचा. कुणाला भोवळ आलीच तर म्हणून दाराशी नर्सा उभ्या. "त्या भाड्याच्या गो. मी तरी खरी आहे!"

तेच तिने उचललं. एका शुक्रवारी आमच्या मुलींना बोलावलं, टीव्हीवर सिनेमा लावला आणि पांढरा युनिफॉर्म चढवून दाराशी उभी राहिली. मुली हसून लोळल्या. भाषण आलं तसा तिने सिनेमा थांबवला आणि पाळीपासून सगळं स्वतः, सरळ नावं घेऊन सांगितलं. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे, खाली नाव घालायचं नाही. आयांची रवानगी स्वयंपाकघरात.

माझा जीव तिथे अडकला होता. माझी तेरा वर्षांची इरा मला काही सांगेनाशी झाली होती. काहीही विचारलं तरी 'फाइन'. बँकेत मी दिवसभर लोकांशी बोलते, पण पोरीसमोर दातखीळ बसायची. न राहवून मी दाराला कान लावला आणि मावशीने दार उघडलं! चिडली की ती मालवणीवर यायची. "काय गो, कान कित्याक लावतंस? तुमचो खेळ फुडल्या शुक्रवारी!"

पुढच्या शुक्रवारी आम्ही सहा आया खाली माना घालून बसलो. सिनेमातली आई मुलीला काहीच सांगत नाही, तिथे मावशी हसायची थांबली. "पोरीचं काय चुकलं? आईनेच तोंड शिवलं होतं." मग आमच्या चिठ्ठ्या निघाल्या. चौघींनी एकच लिहिलेलं, मुलीशी बोलायला सुरुवात कशी करू? मावशी म्हणाली, "मुलींनीही हेच विचारलंय. आईला कसं विचारू?" हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

तरी पुढचा महिनाभर मी रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. तेवढ्यात मावशीची नोकरी संपली आणि ती कायमची वेंगुर्ल्याला निघाली. विमानतळावर इरा तिला सोडेना. "खलास गो, पुरे आता, विमान जाईल माझं!" मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुरुवात पोरच करील. तेव्हा गडबडून जेवायला काय करू, असं विचारू नकोस."

अदलियाला घरी परतताना इराने गाडीतलं गाणं बंद केलं. "आई, कॅन आय आस्क यू समथिंग?"

जेवणाचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "विचार," मी म्हटलं.

एरवी तिथून घर वीस मिनिटांवर. त्या दिवशी आम्ही दोन तासांनी पोचलो.