रीडिंग होऊन जाऊ दे

विजेवर चालणारी गाडी घेतली आणि मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत मी सहा महिने लोकांचं डोकं खाल्लं. जिन्यात, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी, देवळाच्या रांगेत, जो सापडेल त्याला पेट्रोल किती आणि वीज किती हे ऐकवायचो. माझ्या मीटरवरून खाली पार्किंगमध्ये वायर ओढायला सोसायटीच्या तीन मीटिंगा गेल्या होत्या. त्या भांडून जिंकल्या म्हणून जरा जास्तच चढलो होतो.

गाडी खरं तर अम्मासाठी. माझी आई ब्याऐंशीची आहे. तिची थोरली बहीण, माझी मावशी, तांबरमला राहायची, आणि मांबलम स्टेशनचे जिने अम्माच्या गुडघ्यांना झेपेनात. दोघी तंजावरच्या. त्यांचं ते जुनं, तमिळ मिसळलेलं मराठी बोलायला दोघींना आता एकमेकींशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी मराठीच बोलतो, पण पुण्यातल्या नोकरीत धुऊन निघालेलं. अम्मा म्हणते, तुझं मराठी रेडिओसारखं. म्हणून दर रविवारी मी तिला तांबरमला सोडायचो आणि मावशीच्या दारापाशी पेपर वाचत बसायचो. आत दोघी हसत असायच्या.

आमच्याकडे विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि युनिटांनी एक ठरावीक आकडा ओलांडला की सगळं बिलच चढतं. त्यामुळे रीडिंगवाला यायच्या आधीचे आठ दिवस मद्रासच्या घराघरांत एसी बंद होतात, इस्त्रीचे कपडे साठतात. ‘रीडिंग होऊन जाऊ दे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गाडी आल्यावर तर मी मीटरच्या पेटीसमोर रोज सकाळी उभा राहायचो. बाहेरच्या चार्जिंगला जाणं म्हणजे मला हार वाटायची, तिथला दर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्या बुधवारी मावशीच्या सुनेचा फोन आला. मावशीचा मुलगा आधीच गेलेला, घरात ही सून आणि नात, दोघींना मराठीचा गंध नाही. सून म्हणाली, मावशीला ताप आहे, आणि कालपासून त्या तमिळ बोलतच नाहीत. मराठीतच काहीतरी मागताहेत. पाणी दिलं, नको. औषध दिलं, नको. फोन कानाशी धरला तर त्यांना ऐकू येत नाही, तोंडाशी धरला तर ढकलून देतात. “अम्मांना घेऊन या,” ती म्हणाली.

अम्मा पातळ बदलून तयार. मी खाली जाऊन आलो. गाडीत एकेचाळीस टक्के होते आणि मीटर त्या आकड्याच्या उंबरठ्यावर.

“अम्मा, उद्या रीडिंगवाला येईल. मग रात्रभर चार्ज करतो, परवा सकाळी निघू. रस्त्यात बंद पडली तर?”

“टॅक्सी बोलाव की रे.”

“दारात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील!”

लोक काहीही म्हणाले नसते. म्हणणारा मीच होतो.

“सरी, बरं,” ती म्हणाली आणि तशीच, पातळ न बदलता, खुर्चीत बसली.

गुरुवारी रीडिंगवाला आला नाही. शुक्रवारी अम्माने सकाळी एकदा विचारलं, “अक्का काय मागते, कोणास ठाव.” मी म्हटलं, आज नक्की येईल. तोही दिवस गेला. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असं लोकांच्या तोंडावर हसत म्हणणारा मी, मीटरच्या पेटीशी येरझारा घालत होतो. शनिवारी दुपारी जेवत होतो तेव्हा सुनेचा फोन आला. मावशी गेली.

हात धुतले आणि निघालो. गाडीत किती आहे, हे तेव्हा पाहिलंही नाही.

तिथे सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. अम्मा बहिणीच्या उशाशी बसली आणि सुनेला तमिळमध्ये विचारलं, “शेवटपर्यंत मागत होती?”

“हो. काल संध्याकाळपर्यंत. मग थांबल्या.”

“काय म्हणत होती? एखादा शब्द?”

सून रडायला लागली. तिला एकही शब्द आठवेना. परकी भाषा, चार दिवसांचं जागरण. तिचा काय दोष? अम्माने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी दारापाशी, माझ्या पेपरच्या जागी, उभा होतो. मला आत जायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी परतलो. पार्किंगमध्ये गाडी लावली, तरी चार्जिंग दाखवणारा समोरचा पडदा अजून उजळलेला होता. अम्माने चष्मा वर केला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तिला इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात.

“सतरा उरलें?”

“हो.”

“जाऊन, येऊन?”

मी मान हलवली.

“मग बुधवारींच गेलों असतों की रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

सोमवारी रीडिंगवाला आला. त्या ठरावीक आकड्याच्या तीन युनिट आत होतो.