चाचणीलाच पाडायचं

बाबांच्या वरकुट्याच्या मामांइतका देशाच्या संरक्षणाचा जाणकार उभ्या इंदापूर तालुक्यात नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. शत्रुदेशाने समुद्रात क्षेपणास्त्राची चाचणी केल्याची बातमी लागली की तात्या टीव्हीसमोर मांडी ठोकतात आणि मग घरात कुणाला खोकायचीही परवानगी नसते. ‘वरच्या वर पाडायचं! चाचणीलाच पाडायचं! मग लढाईला यायची छाती हाय का कुणाची?’ सेनापती नालायक, मंत्री भित्रे, आणि बातम्या देणारी मुलगी नुसतीच नटवी. एवढा सगळा अभ्यास ते शेंगा सोलता सोलता करतात. एका रविवारी मी बारामतीहून त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा हळूच विचारलं, ‘पण तात्या, आपला नेम चुकला तर? आत्ता निदान त्यांना धाक तरी आहे.’ ‘तुमच्या इंग्रजी शाळंत चुकायचंच शिकवत्यात व्हय गं?’ मी शेंगा सोलायला घेतल्या. मला तेच चांगलं जमतं.

खुद्द तात्यांचा धाक गोफणीचा. तरुणपणी त्यांनी एका दगडात लांडगा लोळवला, असं सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा तात्याच असतात. पण त्या लांडग्याच्या जोरावर शेजारच्या आबांनी इतकी वर्षं मधला बांध बोटभरही कोरला नव्हता. गोफण खुंटीवर होती, आणि खुंटीवर होती तोवर अजिंक्य होती.

मग आबांनी उसावर औषध फवारायला ड्रोन आणला. पहिल्या दिवशी नुसतं पाणी भरून स्वतःच्याच फडावर फिरवून पाहत होते. तात्यांनी बातम्या अर्ध्यावर सोडल्या आणि खुंटीवरची गोफण काढली.

‘अवं तात्या, चाचणी हाय नुसती!’ आबा ओरडले.

‘म्हणूनच!’ म्हणत तात्यांनी गोफण गरगर फिरवली. ऐन वेळी खांदा अडकला. दगड सुटला तो मागे, स्वतःच्याच गोठ्याच्या पत्र्यावर. म्हैस दावं तोडून पळाली. ड्रोन आपला पाणी शिंपडत राहिला. आबा हसले असते तर बरं झालं असतं. ते बांध ओलांडून आले, तात्यांचा हात धरला आणि म्हणाले, ‘बसा हितं. वय झालं आता.’

ऊस तुटून गेल्यावरच्या नांगरटीत आबांचा ट्रॅक्टर बांधाला खेटून गेला. बांध हातभर बारीक झाला. तात्या ओट्यावरून नुसते पाहत राहिले.

परवा पुन्हा चाचणीची बातमी लागली. मी गर्जनेची वाट पाहत होते. तात्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

‘आपलं एक चुकलं, तर दुसरं सोडता येतं का गं?’

‘येतं, तात्या. लगेच सोडतात.’

‘मग बरं हाय,’ उजवा खांदा चोळत ते म्हणाले, ‘देशाचं बरं हाय.’