ढग जातो की तारे?

आकाश बघणाऱ्या माणसांचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि ऐकणाऱ्याला सगळेच थापा वाटतात. वाटू द्या. आमच्या वाट्याला आकाश कमी आणि भानगडीच जास्त आल्या.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदियात आमचं चौघांचं मंडळ होतं. हायस्कूलात सायन्स शिकवणारे काळे मास्तर, रेल्वेतले पार्सलबाबू शुक्लाजी, सालेकस्याकडचे धानवाले सोमाजी पाटील, आणि मी भूगोलवाला. मास्तरांची मुलगी सिंधू हिला आम्ही मेंबर धरत नव्हतो. फक्त इंग्रजी मासिकं वाचून त्यांचा अर्थ आम्हाला तीच सांगायची!

मास्तरांचा लाडका विषय एकच. तारे एकेकटे जन्मत नाहीत, धूळ आणि वायूच्या ढगात झुंडीनं जन्मतात. दूरदूरच्या आकाशगंगांतही तसंच. कोवळ्या ताऱ्यांचा पुंजका दिसला की जवळपास ढग असतोच, म्हातारा पुंजका दिसला की ढगाचा पत्ता नसतो.

* * *

मास्तरांनी टिनवाल्याकडून नळी करून घेतली, कलकत्त्याहून भिंग मागवलं आणि दुर्बीण उभी केली. पहिल्याच संध्याकाळी कृत्तिकांभोवती ढग दिसला. आम्ही हरखून गेलो. महिनाभर रोज तो ढग पाहिला, मास्तरांनी त्यावर बारा पानं लिहिली. शुक्लाजींना तर तो रोज वाढतानाही दिसायचा.

एक दिवस सिंधूनं पदरानं भिंग पुसलं आणि ढग गेला. सोमाजी पाटलांनी पहिल्या दिवशी भजी खाऊन भिंगाला हात लावला होता.

बारा पानं मास्तरांनी फाडली नाहीत. म्हणाले, निरीक्षण बरोबर होतं, जागा चुकली.

* * *

वाक्य अर्धं सोडून उठणं हे मास्तरांच्या रक्तात नव्हतं. एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले आणि मागच्या बाकावर बसले. सुट्टीची घंटा झाली, पोरं पळाली, मास्तर बोलतच राहिले. इन्स्पेक्टर बिचारे सभ्य, उठता येईना. त्यांचा टांगाही गेला आणि जेवणही. शेरा मारून गेले: "शिक्षक विद्वान आहेत. यांना जेवणाआधी भेटू नये."

* * *

मग मंडळात वाद पेटला. पुंजका म्हातारा होतो तेव्हा तारे ढग सोडून जातात की ढग ताऱ्यांना सोडून जातो? सिंधूनं मासिक वाचून सांगितलं की नव्या ताऱ्यांचा उजेडच इतका प्रखर असतो की ढग पांगून जातो. शुक्लाजींना हे अजिबात पटलं नाही. "जिसने पाला-पोसा, उसी को भगा दिया?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस दुर्बिणीला डोळा लावला नाही.

त्याच उन्हाळ्यात सिंधू मॅट्रिक झाली, फर्स्ट क्लासात. तिला नागपूरच्या सायन्स कॉलेजात जायचं होतं, आणि आकाशातल्या जन्मांवर तास तास बोलणारा तिचा बाप घरात 'नाही' या एका शब्दावर अडून बसला. पोर लहान आहे, परगाव आहे, आणि मासिकं कोण वाचेल?

सोमाजी पाटलांकडे तेव्हा धानाचे पऱ्हे टाकून झाले होते. रोपं बोटभर वर आली होती. ते मास्तरांना म्हणाले, "पऱ्हे वेळेवर उपटून रोवले नाई त गाठ धरते, मास्तर. मंग धान होत नाई. पोरीले कायले अडवून राहिले?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "सोमाजी, शास्त्र काय सांगतं? तारे कुठे जात नाहीत. जातो तो ढग."

याला काय उत्तर देणार? सिंधूच्या आईनं, काकूंनी दिलं. त्यांनी मास्तरांशी बोलणंच टाकलं. चौथ्या दिवशी मास्तर नमले, पण अट घातली: मी नागपूरला येणार नाही आणि फॉर्मला हातही लावणार नाही, तिचं तिनं पाहावं. त्या रात्री सिंधू रडली, मलाही वाईट वाटलं.

* * *

दुसरा दिवस फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. आम्ही सगळे सकाळीच स्टेशनवर पोचवायला गेलो. नागपूर पॅसेंजर गोंदियाहूनच सुटायची, म्हणून आमच्याकडे रीत अशी की घरातल्या एकानं आधी आत घुसायचं, दुपट्टा टाकायचा आणि जागा धरून बसायचं. मास्तर ट्रंक घेऊन आत गेले. सिंधूचे सगळे दाखले त्याच ट्रंकेत होते. ती खाली काकूंच्या गळ्यात पडली होती.

खिडकीतून मला दिसत होतं. शेजारच्या प्रवाशानं मास्तरांना विचारलं असावं, पोरगी काय शिकणार? मास्तरांनी दोन्ही हातांनी हवेत मोठा ढग काढला. मग त्यात बोटांनी तारे ठेवायला लागले.

शिट्टी झाली. मी ओरडलो, काकू ओरडल्या. मास्तरांनी हातानंच थांबा म्हटलं, वाक्य व्हायचं होतं. गाडी गेली.

वर्ष गेलं, एवढंच सिंधू म्हणत होती. शुक्लाजी तारघराकडे धावले. तासाभरानं तुमसरहून मास्तरांचा निरोप आला. शुक्लाजींनी तो मोठ्यानं वाचला: "दाखले माझ्यापाशी. फॉर्म मी भरतो. सिंधूला पुढच्या गाडीनं पाठवा."

सिंधूनं डोळे पुसले आणि कागद स्वतः दोनदा वाचला. सोमाजी पाटील रिकाम्या रुळांकडे बघत होते.

"मास्तर खरंच सांगत होते, बाई," ते म्हणाले. "ढगच जाते."