'बॉम्बे' शिकवणाऱ्या बाई

गेली काही वर्षं मी नाक्यानाक्यावर घसा फोडून बोलतो आहे. पत्रकं लिहितो, घोषणा रचतो, लालबाग-परळच्या सभांतून टाळ्या घेतो. माझ्या पोटात काही राहत नाही, असं मित्र म्हणतात. राहिलं आहे. एक गोष्ट राहिली आहे — आईला ठाऊक नाही, आमच्या चळवळीच्या मंडळात ठाऊक नाही. ठाऊक असलेला एकच होता, त्यानं माझं तोंड बघणं सोडलं. आता तुम्हाला सांगतो. ऐकून माझ्याबद्दलचं मत बिघडेल. बिघडू द्या.

मुंबई. या एका नावासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या. इंग्रजी पेपर उघडावा तर जिथं तिथं 'बॉम्बे' — बॉम्बेचं काय करायचं, बॉम्बे कुणाला द्यायची. दिल्ली म्हणते असं, दिल्लीला वाटतं तसं. जणू हे माणसांचं गाव नव्हेच, गोदीत उतरवलेला माल आहे; कुणाच्या नावे सोडायचा, तेवढं ठरायचंय! वाचून डोक्यात तिडीक जायची. पण ते इंग्रजी मला वाचता कुठून येत होतं?

परेरा मिसमुळे. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घरात त्या एकट्या राहत. पुढच्या ओटीवर इंग्रजीचे वर्ग, त्यावरच त्यांचं घर चाले. बाहेर इंग्रजी पाटी — नाव, आणि खाली 'गिरगाम, बॉम्बे'. आमच्या चाळीतली निम्मी पोरं त्या ओटीवर शिकली. मी तर मॅट्रिकपर्यंत तिथंच पडलेला असायचो.

गोळीबारानंतरचे दिवस होते. दिल्लीतल्या खासदारांना इंग्रजीत पत्रक पाठवायचं, असं मंडळात ठरलं. मसुदा मी केला. इंग्रजी अक्षरांतही जागोजागी 'मुंबई'च लिहिलं — मुद्दाम. मग सावंतला घेऊन मिसकडे गेलो. सावंत लालबागचा, बाप गिरणीत साचेवाला, माझा जिवलग. मिसनी लाल पेन्सिल घेतली आणि प्रत्येक 'मुंबई' खोडून वर 'बॉम्बे' लिहीत गेल्या.

"मिस, हे काय!"

"अरे बाबा, वाचणार कोण? दिल्लीचा माणूस ना? त्याला मुंबई म्हणजे कुठलं तरी खेडं वाटेल. त्याला कळेल ते लिही. मी काय घरात बॉम्बे म्हणते? माझं गाव काय दुसरं आहे?" मग एका वाक्यावर पेन्सिल आपटून म्हणाल्या, "आणि हे वाक्य माझ्या तिसरीतल्या पोरानं लिहिलं असतं ना, तर कान उपटला असता."

ओटीवरची पोरं फिदीफिदी हसली. सावंतही हसला. "पुढारी, कान सांभाळ रे!"

मीही हसलो. आतून जळलो — तिसरीतल्या पोरांसमोर!

आता नीट ऐका. पत्रक मी मिसनी सुधारलं तसंच छापलं. एकूण एक 'बॉम्बे'सकट. त्यांचं खरं होतं आणि ते मला कळत होतं. छापखान्यात उभं राहून मुद्रितं मीच तपासली.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी फळा लिहायची पाळी माझी होती. वाडीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा असे. पेपरातल्या बातम्या त्यावर खडूनं लिहायच्या, कामाला निघालेली माणसं घटकाभर थांबून वाचायची. आम्ही तिघंचौघं आळीपाळीनं लिहायचो, खाली कुणाचं नाव नसे. मी लिहिलं — 'आपल्याच शेजारी एक बाई आपल्या पोरांना बॉम्बे शिकवतात. दिल्लीला हवी असतात ती माणसं हीच.'

बाईंचं नाव नव्हतं. हवं होतं का?

पुढं काय होईल याची कल्पना नव्हती, असं म्हणायचा मोह होतो. खोटं आहे ते. पत्रकं लिहिणारा माणूस मी — कुठला शब्द कुठं जाऊन पेटतो, एवढंच तर मला येतं.

दुसऱ्या दिवशी मिसच्या पाटीवर डांबर होतं. मग एकेक आई येऊन आपलं पोर घेऊन जाऊ लागली. काहींना राग आला होता, बऱ्याचजणींना नुसती भीती. ओटी रिकामी झाली.

सावंतनं अक्षर ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आणि पत्रकात काय छापलंस रे?" म्हटलं, ते दिल्लीसाठी आहे. तो एकदम मालवणीवर आला. "मगे तिना तरी वेगळा काय सांगल्यान?" मिसना जाऊन सांग, म्हणाला. मी गेलो नाही. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

मग मिसनीच बोलावलं. मी केलं असेल, हे त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणाल्या, "तुझं पोरं ऐकतात. फळ्यावर एक ओळ लिही — ह्या बाईनं मला शिकवलं. बस. बाकी काही नको."

"बघतो, मिस," म्हटलं. बघितलं काय? दुसऱ्या दिवशी खडू हातात होता, फळा पुसलेला होता. एका ओळीचं काम. पण मग कुणीतरी विचारलं असतं — आधीचं कुणी लिहिलं? मी सभेची वेळ लिहिली आणि घरी आलो.

मिस वसईला बहिणीकडे गेल्या. राज्य आलं, मुंबईसह आलं. गिरगावात दिवे लागले, पेढे वाटले गेले. मंडळाच्या सभेत कुणीतरी त्या इंग्रजी पत्रकाची आठवण काढली — दिल्लीत वाचलं गेलं म्हणे, भाषा काय सफाईची! मी मान लववली. मिस त्याआधीच वसईत वारल्या होत्या, शेजारणीकडून कळलं होतं. म्हणजे आता सांगायलाही कुणी उरलेलं नाही.

हे सगळं सांगून झालं, तरी सांगायचं ते अजून सांगितलेलं नाही.

मिस निघाल्या त्या दिवशी वाडीतून कुणी बाहेर आलं नाही. मी गेलो. कपाट उतरवलं, बाकं उतरवली, हातगाडीवर रचली. मिसनी समोरच्या खिडकीतल्या शेजारणीला हाक मारली. "बघ गं, एवढी पोरं शिकवली, हा एकटा आला." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी वाकून दोरी आवळत होतो. खरं ओठांवर आलं होतं आणि गिळलं, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. तसं काही झालं नाही. शेजारीण माझ्याकडे कौतुकानं पाहत होती आणि मला बरं वाटत होतं.