रेफर म्हणजे नुसतं पाठवणं

रेफर करणं हे क्रियापद इंग्रजीतलं आहे हे आमच्या जळकोटात कुणाला सांगून पटायचं न्हाय. कधी शाळेत न गेलेल्या बायाबी म्हणतात, "तिला रेफर केलंय," आणि गप होतात. म्हणजे माणूस गेल्यात जमा.

आत्याचं हेच झालं. थांबले तर लिहायची न्हाय, म्हणून पटापट लिहितेय. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्यातच राहते. तिचं पोट लई फुगलं म्हणून बाबांनी आणि मी जीप करून तिला उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, "रेफर करतोय, आजच्या आज सोलापूरला न्या."

सोलापूरच्या वाटेवरच जळकोट. आमच्यात रेफर झालेलं माणूस आधी घरी उतरवतात, भावकीला भेटवतात, मग पुढं नेतात. बाबांनी जीप घराकडं वळवायला सांगितली.

मी जीपमध्येच मोबाईलवर अर्थ काढला. "आत्या, ऐक ना, रेफर म्हणजे पुढच्या डॉक्टरकडं पाठवणं. लॅटिनमधनं आलाय, रे म्हणजे परत, फेरे म्हणजे वाहून नेणं. पुस्तकात संदर्भ बघा म्हणतात तिथंबी हाच शब्द. ह्यात मरायचं कुठंच न्हाय."

"मोबाईललाच इचार, गल्लीतले किती परत आले ते," आत्या म्हणाली.

घरी अंगण भरलेलं. मी एकेकीला सांगत फिरले, "काकू, नुसतं पाठवलंय, रडू नका, उशीर होतोय."

"व्हय बाई, तू शिकलेली," म्हणायच्या आणि पदर डोळ्याला.

आत्या खाटेवरनं सगळं बघत होती. तिनं पेटी उघडायला लावली, लुगडी वाटली, एक मलाबी दिलं. बाबा म्हणाले, "अक्का, चल आता." ती म्हणाली, "भेटले की समद्यांना. आता तिकडं अनोळखी माणसांत कशाला?" बाबांनी हात जोडले, मी भांडले, पाया पडले. जीपवाला दोन तास थांबला आणि निघून गेला.

आज चौथा दिवस. मी रोज सकाळी विचारते, जायचं का. कालपर्यंत न्हाय म्हणायची, आज नुसती मान फिरवली. चमच्यानं पाजलेलं पाणी गालावरनं खाली आलं.

मघाशी बाबांनी परंड्याच्या धाकट्या आत्याला फोन लावला. जीपचं न्हाय बोलले. म्हणाले, "लेकरं घेऊन ये. आजच ये."